पाच फूट पाणी, दहा लाख एकर जमीन

पाण्याशी माझा संबंध सकाळी सहा ते साडेसात एवढाच. त्या दीड तासात आमच्या सोसायटीच्या नळाला पाणी येतं आणि पिंप, बादल्या, पातेली भरून झाली, की पाणी हा विषय माझ्यापुरता दुसऱ्या दिवसापर्यंत संपतो. नाही म्हणायला आमचे आजोबा कोकणातल्या एका खाडीकाठचे. पण ते पुण्यात येऊन कारकून झाले, वडील कारकून झाले, मी बँकेत कारकून झालो; आणि तीन पिढ्यांच्या या अखंड कारकुनीत खाडीचं उरलंसुरलं पाणीही आटून गेलं. अशा माणसाच्या हाती बोटीचं सुकाणू देणं हा शुद्ध निष्काळजीपणा होय. तो माझ्या मेहुण्याने केला. तेव्हा पुढे जे घडलं त्याची जबाबदारी माझ्यावर येत नाही, असं मी हिला आजही सांगत असतो. ही ऐकून घेते. मान्य करत नाही.

हा मेहुणा अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात मेलबर्न नावाच्या गावी राहतो. मेलबर्न ऑस्ट्रेलियात असतं, असं मी त्याला पहिल्याच दिवशी नम्रपणे सुचवून पाहिलं. "इथेही आहे, भावोजी," एवढंच तो म्हणाला. बहिणीला आणि मला विमानाची तिकिटं त्यानेच पाठवली होती, त्यामुळे मी विषय वाढवला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने गावापुढचं पाणी दाखवलं. त्या पाण्याचं नाव इंडियन रिव्हर. आता ही नदी नव्हे, आणि त्यातले इंडियन म्हणजे आपण नव्हे. समुद्राच्या बाजूला वाळूच्या लांबट बेटांची एक भिंत आहे, आणि ती भिंत व मुख्य जमीन यांच्यामध्ये हे १५६ मैल लांबीचं, धड खारं नाही धड गोडं नाही असं पाणी अडकून पडलं आहे. काठावर पूर्वी आईस नावाच्या जमातीचे लोक राहत. स्पॅनिश लोक आले, त्यांच्यामागून रोगराई आली, गुलामांसाठी धाडी आल्या, आणि अठराव्या शतकात ती जमात संपली. त्यांनी खाऊन टाकलेल्या शिंपल्यांचे ढीग तेवढे उरले.

या पाण्याची सरासरी खोली चार फूट. म्हणजे मैल-दोन मैल रुंद पाण्याच्या मधोमध एखादा गृहस्थ कमरेइतक्या पाण्यात निवांत उभा आहे आणि मासे धरतो आहे, असं दृश्य तिथे सर्रास दिसतं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी 'बुडाला, बुडाला' म्हणून ओरडलो होतो. अशा उथळ पाण्यातून बोटी जाव्यात म्हणून मधून एक खोल चर खणलेला आहे. उत्तरेला व्हर्जिनियातल्या नॉरफोकपासून दक्षिणेला मायामीपर्यंत सुमारे ११०० मैल हा आतल्या पाण्याचा रस्ता जातो. त्याला ते लोक इंट्राकोस्टल वॉटरवे म्हणतात. आपण त्याला कोस्टल हायवे म्हणू, फक्त खड्डे हवेत आणि नसले तर पंचाईत, एवढाच फरक. मेलबर्नपाशी चराची खोली बारा फूट ठेवायची असा सरकारी दंडक आहे. चराबाहेर चार पावलं गेलात, की तीन फूट.

मेहुण्याची शिडाची बोट छोटीशीच, पण तिच्या पोटाखाली शिशाचा एक जड कणा. त्यामुळे तिला चार फूट पाणी लागतं. शनिवारी सकाळी मेहुणा, ही, मेहुण्याची अकरा वर्षांची मुलगी आणि मी असे चौघे दक्षिणेला सेबॅस्टियनच्या बाजूला निघालो. चराच्या दोन्ही अंगांना पाण्यात खांब रोवलेले. एका बाजूला लाल त्रिकोण, दुसऱ्या बाजूला हिरवे चौकोन. दोहोंच्या मधून जायचं. मेहुणा चहा करायला खाली गेला आणि जाताना म्हणाला, "भावोजी, जरा धरा."

मी अज्ञानाने चुकलो असतो तर ते क्षम्य होतं. मी ज्ञानाने चुकलो. निघण्यापूर्वी मी मुद्दाम एका ओळखीच्या सारंगाला गाठून सगळं विचारून घेतलं होतं. त्याने सांगितलं होतं, "साहेब, बंदरात शिरताना लाल डाव्या हाताला. डोळे मिटून चला." समोर तर लाल त्रिकोण उजव्या हाताला दिसत होता. मेहुणा भलतीकडूनच बोट नेत होता म्हणायची! मी शांतपणे सुकाणू वळवलं आणि लाल खांब डाव्या हाताला घेतला. मग एक मऊ आवाज झाला, रबरी शिक्का ओल्या पॅडवर दाबल्यासारखा. बोट थांबली. खालून चहाचं पातेलं सांडल्याचा आवाज आला, आणि नंतर मेहुण्याचा.

सारंग खोटं बोलला नव्हता. या खुणांच्या बाबतीत जगाचे दोन भाग आहेत. १९७६ पर्यंत तर दुनियेत अशा तीसहून अधिक पद्धती चालत होत्या. शेवटी नोव्हेंबर १९८० मध्ये टोकियोत सगळे देश जमले आणि तोडगा निघाला: भारत, युरोप वगैरे मंडळींनी बंदरात शिरताना लाल डावीकडे ठेवायचा, अमेरिका खंड, जपान, कोरिया, फिलिपीन्स यांनी उजवीकडे. एकमत न होता समेट कसा करावा याचा हा उत्तम नमुना आहे. आमच्या हेड ऑफिसची दोन परस्परविरोधी परिपत्रकं एकाच तारखेला येतात, तेव्हा मला आता टोकियो आठवतं.

आम्ही रुतलो. मी मात्र खचलो नाही, कारण आजोबांनी मला एक विद्या दिली होती. भरती कधी येणार हे सांगायला त्यांना घड्याळ किंवा तक्ता लागत नसे. तिथीची पाऊणपट करायची, तितक्या वाजता पुरी भरती. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा. आमच्या शाळेत पाऊणकी कोणी शिकवली नाही, पण आजोबांनी ती घरी घोकून घेतली होती, खास एवढ्यासाठी. मी हिला तिथी विचारली. षष्ठी होती. "साडेचारला भरती," मी जाहीर केलं, "तोवर पत्ते खेळू."

मेहुण्याने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग त्याने समजावून सांगितलं. मुंबईकडे उधाणाला पाणी चार-पाच मीटर चढतं, म्हणून चिखलात बसलेला मचवा सहा तासांनी आपोआप तरंगतो. इथे समुद्राकडे उघडणारी दारं दूर दूर आहेत. मेलबर्नच्या आसपास भरती अशी नसतेच. वारा फिरला तर पाणी काही इंच इकडे किंवा तिकडे सरकतं, इतकंच. म्हणजे आमची बोट जिथे होती तिथे ती पंचमीला, पौर्णिमेला आणि पुढच्या अधिक महिन्यातही तशीच राहिली असती. ओढून नेणारी बोट फोन करून बोलावता येते, पण तिचा आकडा त्याने सांगितला तेव्हा हिने तो मनातल्या मनात रुपयांत केला आणि ती एकदम खाली बसली.

"इंजिन जोरात लाव ना," मी म्हणालो.

"नाही लावायचं," मेहुण्याची मुलगी मध्येच म्हणाली, "खाली गवत असेल, आतोबा. पंख्याने ते कापलं जातं." गवत कापल्याचं एवढं काय, असं मी विचारणार होतो, पण मुलीचा चेहरा पाहून गप्प बसलो.

मग मेहुण्याने एक युक्ती सांगितली. होडीतून नांगर चरापर्यंत नेऊन खोल पाण्यात टाकायचा आणि त्याचा दोर बोटीवरून ओढायचा. माणूस नांगराला आपल्याकडे ओढायला जातो, पण नांगर हलत नाही, त्यामुळे माणूसच बोटीसकट नांगराकडे जातो. पहिल्या प्रयत्नात आम्ही कुठेच गेलो नाही. "मोठी बोट जवळून गेली, की लाट येते," मेहुणा म्हणाला, "बोट क्षणभर उचलली जाते. तेव्हा ओढायचं. आज शनिवार आहे, पुष्कळ बोटी जातील." बोटी पुष्कळ गेल्या. पण त्या भागात 'हळू चला' अशी पाटी होती, आणि अमेरिकन माणूस पाटी वाचतो. प्रत्येक बोट आमच्याजवळून तान्ह्या बाळाच्या पाळण्याजवळून जावं तशी जाई. एकही लाट उठली नाही. वर प्रत्येकजण हात हलवून जाई.

अशा रीतीने मला तीन तास मोकळे मिळाले. बोटीच्या फडताळात या कालव्याच्या इतिहासाचं एक जाड पुस्तक होतं. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर; इतिहासात मला पैसा कुठून आला आणि कुठे गेला तेवढंच कळतं. या इतिहासात दुसरं काही नव्हतंच.

रेल्वे येण्यापूर्वी या किनाऱ्यावर रस्ता म्हणून नव्हता. पाम बीच ते मायामी टपाल नेणारा माणूस बूट गळ्यात अडकवून ओल्या वाळूवरून अनवाणी चाले. जाऊन-येऊन १३६ मैल, सहा दिवस. त्यातले ८० मैल पायी, बाकीचे छोट्या होडीने. ऑक्टोबर १८८७ मध्ये एड हॅमिल्टन नावाचा टपालवाला हिल्सबरोच्या मुखापाशी पोचला, तर त्याने लपवून ठेवलेली होडी कोणीतरी वापरून पलीकडच्या काठाला सोडून दिली होती. टपाल वेळेवर पोचायला हवं म्हणून तो होडी आणायला पाण्यात उतरला असावा. टपालाची पिशवी आणि कपडे काठावर सापडले. तो सापडला नाही. हे वाचून मी पुस्तक जरा मांडीवर ठेवलं आणि भोवतालच्या तीन फूट पाण्याकडे निराळ्या नजरेने पाहिलं.

तेव्हा या पाण्यातून रस्ता हवा होता, आणि तो खरोखरच हवा होता. जुन्या काळी मॉस्किटो लगून आणि इंडियन रिव्हर यांच्यामधली चिंचोळी जमीन लोक बोटी ओढत पार करत. त्या जागेचं नावच हॉलओव्हर. तिथे १८५४ साली गुलामांकडून एक चर खणवून घेतला होता, तीन फूट खोल. मग १८८१ मध्ये सेंट ऑगस्टीन गावातल्या काही मंडळींनी 'फ्लोरिडा कोस्ट लाइन कॅनॉल अँड ट्रान्सपोर्टेशन कंपनी' काढली. म्होरके डॉक्टर जॉन वेस्टकॉट, वय सत्तरीच्या पुढे; वैद्यकी केलेले आणि एकेकाळी सरकारी जमीनमोजणीचे प्रमुख राहिलेले. कुठे किती जमीन पडून आहे हे ज्याला तोंडपाठ, असा माणूस कालवा काढतो म्हणाला, तेव्हाच एखाद्या कारकुनाने भुवया उंचवायला हव्या होत्या.

करार असा. कंपनीने पन्नास फूट रुंद, पाच फूट खोल कालवा खणायचा. आणि राज्य सरकारने रोख काही द्यायचं नाही, कारण रोख नव्हतीच. मैलामागे ३८४० एकर जमीन द्यायची. मी तिथल्या तिथे हिशोब केला. मैलात ५२८० फूट. म्हणजे कालव्याच्या दर फुटामागे पाऊण एकराला थोडी कमी. आजोबांची पाऊणकी दिवसभरात दुसऱ्यांदा कामाला आली. आमच्याकडे तारण आधी आणि कर्ज मागून असतं. इथे कंपनी आधी थोडं खणे, सरकारी माणूस येऊन पाणी मोजे, जमीन हातात पडे. कंपनी ती विके, त्या पैशावर आणखी थोडं खणे. तोवर मागे खणलेल्या ठिकाणी वाळू सरकून भरत येई. मुदत संपे. मुदतवाढ मिळे. मुदतवाढ हा शब्द त्या पुस्तकात इतक्यांदा आला, की मला घरची आठवण होऊन गहिवरून आलं.

जिथे कालवा पोचला नव्हता तिथली मौज वेगळीच. इंडियन रिव्हरचं दक्षिण टोक आणि लेक वर्थ यांच्यामध्ये पाणी नव्हतं, तेव्हा १८८९ मध्ये तिथे साडेसात मैलांची एक रेल्वे टाकली. स्थानकं चार: ज्युपिटर, व्हीनस, मार्स आणि जुनो. गुरूवर बसायचं, शुक्र-मंगळ घेत जायचं. लोक तिला 'आकाशातली रेल्वे' म्हणत. इंजिन फिरवून घ्यायची सोय नव्हती, म्हणून एका दिशेचा प्रवास ती उलटी, पाठमोरी करी. पंचांगवाले ज्याला वक्री ग्रह म्हणतात त्याचं इतकं चोख उदाहरण दुसरं नसेल.

आणि मग हेन्री फ्लॅगलर आला. रॉकफेलरचा तेलाच्या धंद्यातला भागीदार. पैसा इतका, की किनाऱ्यावर हॉटेलं बांधत आणि त्यांच्यापर्यंत रेल्वे नेत तो दक्षिणेला सरकत होता. पाम बीचच्या हॉटेलचं सामान त्याने त्या ग्रहांच्या गाडीनेच नेलं, भाडं भरलं, आणि लगोलग स्वतःचा रूळ दुसरीकडून टाकला. ग्रह मावळले. १८९४ मध्ये त्याची गाडी पाम बीचला, १८९६ मध्ये मायामीला पोचली. आता कोणीही म्हणेल, की कालवा कंपनीचा हा कट्टर शत्रू. तर कालवा कंपनीने मायामीपर्यंत रूळ नेण्यासाठी त्याला आपल्या जमिनीतली जमीन देऊ केली! इथे मी पुस्तक मिटून टाळी वाजवली. मेहुण्याला वाटलं लाट आली.

टाळी अशासाठी, की मला सगळा ताळेबंद एकदम दिसला. ती कालव्याची कंपनी नव्हतीच. ती जमिनीची कंपनी होती, आणि कालवा हा तिचा किरकोळ खर्च होता. रेल्वे आली, की कालवा बुडणार पण जमिनीचा भाव चढणार. मग बुडेना का कालवा! तरी करारापोटी त्यांनी तो पुरा केला, १९१२ साली. एकतीस वर्षं, २६८ मैल, आणि बदल्यात दहा लाख एकरांहून जास्त जमीन. कालव्यात ठिकठिकाणी आडव्या साखळ्या लावून त्या जकात घेत. जकात भरून साखळी ओलांडली, की बोट पुढे जाऊन गाळात बसे. पैसे घेऊन मग अडवणं ही पद्धत तिथे इतकी जुनी आहे हे कळल्यावर मला आपल्या टोलनाक्यांबद्दल उगीचच अपराधी वाटणं बंद झालं.

शेवटी कंपनी कर्जात रुतली आणि १९२० नंतरच्या दशकात रिसीव्हर नेमला गेला. गंमत अशी, की नेमक्या त्याच वेळी फ्लोरिडाच्या जमिनींना वेडी तेजी आली. इतकं सामान येऊ लागलं, की १९२५ मध्ये रेल्वेने माल घेणंच थांबवलं आणि जानेवारी १९२६ मध्ये 'प्रिन्झ व्हाल्डेमार' हे मोठं जहाज मायामी बंदराच्या तोंडातच आडवं झालं. मग सगळ्यांना आतल्या पाण्याच्या रस्त्याची आठवण झाली. १९२७ मध्ये किनाऱ्यावरच्या अकरा कौंट्यांचं एक मंडळ झालं. मंडळाने लोकांच्या करातून ७,२५,००० डॉलर देऊन तो कालवा कंपनीकडून विकत घेतला आणि १९२९ मध्ये केंद्र सरकारला फुकट दिला. म्हणजे लोकांनी तो आधी जमीन देऊन खणवला, मग जकात देऊन वापरला, आणि शेवटी रोख देऊन विकत घेतला. एकाच मालाची तीनदा वसुली. आमच्या खात्यात हे करणाऱ्याला निलंबित करतात.

केंद्र सरकारने मात्र खोदाई मन लावून केली. उपसलेली वाळू चराच्या कडेला टाकत गेले, तिची ओळीने बेटं झाली, बेटांवर झाडं आली. आणि त्या दहा लाख एकरांचं काय झालं? प्लॉट पडले, घरं झाली, हिरवळी झाल्या. हिरवळींचं खत आणि घरांचं मैलापाणी या चार फूट पाण्यात उतरत राहिलं. पाणी कुठे वाहून जाणार, भरती तर नाही. २०११ मध्ये शेवाळाने पाणी इतकं गढुळलं, की तळाच्या गवताला ऊन मिळेना आणि ते मरू लागलं. पुढच्या वर्षांत ते फिरून फिरून होत राहिलं. त्या गवतावर मॅनाटी जगतात. आपण समुद्रगाय म्हणू, गायीसारखंच चरणारं, गायीसारखंच कोणाच्या अध्यात ना मध्यात. २०२१ मध्ये फ्लोरिडात अकराशेहून अधिक मॅनाटी मेल्या, पुष्कळशा उपासमारीने आणि पुष्कळशा याच पाण्यात. त्या हिवाळ्यात सरकारने केप कॅनाव्हरलच्या वीजकेंद्रापाशी त्यांना लेट्यूसचा पाला टाकला. हे पुस्तकात नव्हतं. हे मुलीने सांगितलं, आकड्यांसकट. 'हळू चला'ची पाटी त्यांच्यासाठीच होती.

तीनच्या सुमाराला एक भलीमोठी बोट आली, जिच्या मालकाने पाटी वाचली नाही. मुलीने तिचा नंबर टिपून घेतला आणि मेहुणा ओरडला, "सगळे एका बाजूला!" बोट कलली, की तिला पाणी कमी लागतं. ही, मुलगी आणि मी कठड्याबाहेर लोंबलो. बोट जी कलली ती मुख्यतः माझ्यामुळे. डॉक्टर ज्या वजनाबद्दल दहा वर्षं बोलत आहेत त्याचा त्या दिवशी जगाला पहिल्यांदा उपयोग झाला. लाट आली, मेहुण्याने दोर ओढला, तोच मऊ आवाज उलट्या बाजूने झाला आणि आम्ही चरात होतो. लाल खांब उजव्या हाताला.

संध्याकाळी एका वाळूच्या बेटाच्या आडोशाला नांगर टाकला. नांगर 'टाकतात' हा माझा समज चुकीचा निघाला. तो अलगद सोडायचा असतो. मग बोट मागे जाऊ द्यायची आणि दोर सोडत राहायचं: पाण्याची खोली अधिक नाळेची उंची, त्याच्या सातपट. आठ फूट पाणी, चार फूट नाळ, बारा साते चौऱ्याऐंशी. दोर आडवा राहिला तरच नांगर तळात रुततो. आखूड दोराने तो उभा उचलला जातो आणि बोट रात्री चालू लागते. नीट लागला आहे की नाही हे पाहायला काठावरचा एक दिवा आणि त्यामागचा एक मनोरा एका रेषेत धरून ठेवायचे. रेष मोडली, की उठवायचं. माझ्यावर कोणी ही कामगिरी सोपवली नव्हती. तरी मी रात्रभर दिवा आणि मनोरा तपासत बसलो. चौऱ्याऐंशी फूट दोर असताना कॅश जुळेना तेव्हा होते तशी तगमग होत होती. रेष मोडली नाही. पहाटे बोटीशेजारी कोणीतरी दीर्घ श्वास सोडला. वाकून पाहिलं तर करड्या रंगाची मोठी पाठ, तिच्यावर पंख्याच्या पात्यांचे पाच-सहा पांढरे वण एका मापाने, एका अंतरावर. मी मुलीला हलवून उठवलं. आम्ही दोघं न बोलता पाहत राहिलो, ती पाण्याखाली जाईपर्यंत.

सकाळी मेहुण्याने नांगर वर घेतला. त्याला काळा चिखल चिकटला होता. "पूर्वी नांगर निघायचा तो गवताची पेंढीच घेऊन," तो म्हणाला, "सोडवता सोडवता कंटाळा यायचा." मुलीने तो चिखल बोटांनी चाचपून पाहिला. एक काडी नव्हती. तिने हात धुतले. मेहुण्याने इंजिन लावलं, चहा करायला खाली जायला निघाला, सवयीने माझ्याकडे वळला, थबकला, आणि सुकाणू हिच्या हातात दिलं.